कॅरोलिनचं काय करू, नंदू?

प्रिय नंदू,

चार महिने तुझं पत्र उशाशी आहे आणि मी उत्तर लिहीत नाही. रागाव, हक्क आहे तुझा. गुडघा आहे तसाच, शुगर आटोक्यात. आता मुद्द्याचं.

कॅरोलिनवरचा, आपल्या प्रिन्सेस सायन-विटगेनश्टाइनवरचा, लेख पुरा झाला गं! 28 पानं. दिवाळी अंकाला पाठवला आणि काल संपादकांचा फोन आला: लेख छान आहे, पण 10 पानं करा, पियानोवादक-संगीतकार लिस्टचं प्रेम आणि मोडलेलं लग्न तेवढं ठेवा. मी चक्क ‘बरं’ म्हटलं. फोन ठेवला आणि पोटात गोळा आला.

लग्नाची गोष्ट जीव कासावीस करणारीच आहे. तिचं पहिलं लग्न रद्द करून घ्यायला वर्षानुवर्षं खेटे घातलेले. रोमचं सान कार्लो चर्च सजलेलं, 22 ऑक्टोबर 1861, लिस्टचा पन्नासावा वाढदिवस. आणि आदल्या रात्री व्हॅटिकनचा निरोप येतो, लग्न थांबवा. लिहिताना मी रडले. पण बाई काय तेवढीच?

1847 मध्ये किव्हला लिस्टच्या धर्मादाय मैफलीला तिने 100 रूबल दिले, तिथून ओळख. गावोगाव पियानो वाजवत फिरणं पुरे, आता बसून लिही, हा तिचा धोशा. त्याच वर्षी त्याने पैशासाठी वाजवणं सोडलं. मग वायमारला आल्टेनबुर्ग नावाच्या घरात दोघं बारा वर्षं राहिली. बी मायनर सोनाटा तिथला, फाउस्ट सिंफनी तिथली. त्याची 12 सिंफनिक पोएम्स, म्हणजे कथा-कवितांवरून वाद्यवृंदासाठी बांधलेल्या रचना, तर तिलाच अर्पण केलेली.

आणि फ्रेंच संगीतकार बर्लिओझ! रोमन कवी व्हर्जिलवर ऑपेरा लिहायचं त्याच्या मनात होतं, पण त्रासाला भीत होता. तिने सुनावलं, भीत असशील तर पुन्हा माझ्याकडे येऊ नकोस. हे वाचलं आणि मला कॉलेजच्या जिन्यावरची तू दिसलीस. “कॅरोलिनवर लिहून झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस.” मी दोन वर्षं अबोला धरला, आणि तू माझा डबा रिकामा परत पाठवलास. रिकामा, नंदू! साखरेचा दाणाही नाही! बर्लिओझ शहाणा, तो रुसला नाही. 1856 ते 1858 तो ऑपेरा लिहीत बसला, शब्दही त्याचे, सूरही त्याचे. तोच ‘ले त्रॉयां’, तिला अर्पण केला. पॅरिसला 1863 मध्ये शेवटचे तीनच अंक झाले. पहिले दोन रंगमंचावर न पाहताच तो 1869 ला गेला.

पण खरं टोचतंय ते वेगळंच. हा सगळा पैसा आला कुठून? युक्रेनमधल्या तिच्या वडिलोपार्जित जमिनींवर हजारो भूदास, जमिनीलाच बांधलेली माणसं, राबत होते. तिच्या औदार्याचं कौतुक करताना त्यांना गाळू कशी? ते पान मी सहा वेळा लिहिलंय. 10 पानांत पहिली कात्री त्यालाच लागणार.

आणि रोमचा शेवट? व्हिया देल बाबुइनोवरची ती खोली. पडदे ओढलेले, भरदिवसा मेणबत्त्या, चिरूटाचा धूर, आणि चर्चच्या दुर्बलतेवर लिहिलेले 24 खंड. लोक हसतात त्या खंडांना. मला हसू येत नाही. दुसऱ्यांना लिहायला बसवण्यात उमर गेली, मग ती स्वतः लिहायला बसली. लिस्ट 1886 च्या जुलैत गेला, ती 1887 च्या मार्चमध्ये.

मुकुंदरावांचं मोतीबिंदूचं झालं ना नीट? नातीचं बारसं ठरलं की कळव, दुपटी शिवून तयार आहेत. घराचं रंगकाम मात्र पावसाआधी उरक.

28 पानांची झेरॉक्स सोबत आहे. पेन्सिलीने खुणा कर. भूदासांचं पान काही झालं तरी राहील, बाकीचं तू सांग: कापू, की लेख परत मागवू? 15 तारखेपर्यंत त्यांना कळवायचंय. फोन करू नकोस, फोनवर तू मऊ होतेस. लिहून पाठव.

तुझी,
शैला