तिसऱ्या क्रमांकावर प्रयोग पुरे

महोदय,

कसोटी संघाची सलामी सध्या ठीक आहे. यशस्वी जयस्वाल डावखुरा, के. एल. राहुल उजवा, एकेरी धाव निघाली की गोलंदाजाला दिशा बदलावी लागते. दुखणे आहे तिसऱ्या क्रमांकाचे. तिथे खेळणाऱ्या चेतेश्वर पुजाराने २०१८-१९च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ५२१ धावा केल्या, पण त्याहून मोलाचे होते त्याने खेळून काढलेले १२५८ चेंडू. नोव्हेंबर २०२५मध्ये कोलकात्यात त्या जागी वॉशिंग्टन सुंदरला पाठवले. बिचारा झुंजला, तरी १२४च्या पाठलागात संघ ९३वर आटोपला.

या जागेसाठी सरासरीआधी बघावे ते हे : नव्या चेंडूवर ऑफ स्टंपबाहेरचे किती चेंडू तो सोडून देतो. ऑस्ट्रेलियात वापरतात त्या कुकाबुरा चेंडूची शिवण पंचवीसेक षटकांत दबते. इंग्लंडमधला ड्यूक्स चेंडू मात्र बराच वेळ हलत राहतो. म्हणून तिथे चेंडू अंगाजवळ, उशिरा खेळणारा हवा. ड्राइव्हसाठी हात पुढे गेले की झेल स्लिपमध्ये ठरलेलाच.

रणजीतल्या धावाही तोलून घ्याव्यात. २०२४मध्ये पर्वरीला कश्यप बाकले आणि स्नेहल कवठणकर यांनी तिसऱ्या गड्यासाठी नाबाद ६०६ धावा रचल्या. आम्हा गोंयकारांना अभिमानच! पण समोर प्लेट या खालच्या गटातला अरुणाचल प्रदेश होता. एलिट या वरच्या गटात, हिरव्या खेळपट्टीवर काढलेल्या ऐंशी धावा निवड समितीला जास्त सांगून जातात.

आणि एकदा निवडलेल्याला निदान सलग सहा कसोटी द्या.

– एक वाचक, पर्वरी