अमेरिकेतला तांबडा-पांढरा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या खाण्यावर लेख आला होता, तो वाचला आणि राहवेना म्हणून लिहितोय. बर्गर, पिझ्झा, कोक, झालं, एवढ्यात अख्खी अमेरिका उरकली. उद्या कोणी महाराष्ट्र म्हणजे वडापाव असं लिहिलं तर आम्ही कोल्हापूरवाले ऐकून घेऊ का?

मी आणि सौ. गेल्या वर्षी ह्यूस्टनला मुलाकडे पाच महिने होतो. जाताना सगळे नेतात तसं बॅगा भरून मेतकूट, चटण्या, भडंग नेलं आणि पहिला महिना घरात वरणभात खाऊनच काढला. शेवटी पोरगा वैतागला आणि गाडीत घालून न्यू ऑर्लिन्सला घेऊन गेला. तिथे गम्बो खाल्लं. गम्बो म्हणजे दाटसर रस्सा, भातावर घेऊन खायचा, त्यात कोळंबी, खेकडा, चिकन, जे असेल ते आणि भेंडी! हे नावच मुळी भेंडीच्या आफ्रिकन शब्दावरून आलंय म्हणतात, गुलाम म्हणून धरून आणलेल्या माणसांबरोबर तो शब्द तिकडे गेला. आपण भेंडीची तार जावी म्हणून काय काय करतो, पुसून घ्या, लिंबू पिळा, झाकण ठेवू नका, आणि हे लोक रस्सा दाट व्हायला तीच तार वापरतात. खाली असतो रू, म्हणजे तेलात भाजलेला मैदा, पण आपण लाडवाचं बेसन भाजतो त्याच्याही पुढे, पार चॉकलेटी होईपर्यंत, पाऊण तास हात थांबवायचा नाही आणि करपला तर टाकून परत पहिल्यापासून. सौ.नी हे सगळं तिथल्या बाईला खुणा करकरून विचारून घेतलं, मला मध्ये बोलूच दिलं नाही.

सकाळी नाश्त्याला ग्रिट्स. नाव ऐकून मी दचकलो, समोर आल्या मक्याच्या कण्या! आमची आजी जोंधळ्याच्या करायची तशाच, फक्त ताकाऐवजी लोणी आणि वर कोळंबी.

टेक्सासच्या ब्रिस्केटबद्दल (म्हणजे तासन्‌तास धुरावर शिजवलेलं बीफ) मी काही बोलणार नाही कारण आम्ही बीफ खात नाही, पण शेजारचा माणूस रात्री धूर चालू करून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्यापाशी बसलेला बघितलाय. नुसते बर्गर खाणारे लोक असे नसतात एवढं मात्र सांगतो.

पण खरी गंमत न्यू मेक्सिकोत. सांता फे गावात एन्चिलाडा (मक्याच्या पोळीत सारण गुंडाळून वर मिरचीचा रस्सा) मागवला तर पोरीने विचारलं, रेड ऑर ग्रीन? म्हणजे मिरचीचा रस्सा लाल की हिरवा. हा त्या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, चेष्टा नाही, सरकारने ठरवलाय. दोन्ही हवे असतील तर 'ख्रिसमस' म्हणायचं. मी म्हटलं, अरे हा तर आमचा तांबडा-पांढरा! मिरची एकच, हिरवी असताना तोडून भाजली की ग्रीन आणि झाडावर पिकवून वाळवली की रेड. आम्ही गेलो तेव्हा सप्टेंबर होता, किराणा दुकानाबाहेर जाळीच्या मोठ्या पिंपात हॅच गावच्या मिरच्या गॅसच्या जाळावर गरागरा फिरवत होते, लोक पोत्याने विकत घेऊन फ्रीजरला टाकतात. त्या वासाने डोळ्यात पाणी आलं, ठसक्यानं पण आणि घरच्या आठवणीनं पण. मिरची शेवटी अमेरिका खंडातलीच, पोर्तुगीजांनी गोव्यात आणली म्हणून आपल्याला मिळाली, हे शाळेत शिकलो होतो पण डोक्यात शिरलं त्या पिंपापाशी.

वर उत्तरेला तर चाउडर म्हणून शिंपल्यांच्या सूपात दूध घालायचं की टोमॅटो यावरून भांडणं आहेत, मेन राज्यात 1939 मध्ये टोमॅटोवर बंदी आणायचं बिलच मांडलं होतं. आपल्याकडे मिसळीवरून अजून विधानसभेपर्यंत गेलेलं नाही कोणी.

तर पुरवणीत राज्यवार लिहायला सांगा कोणाला तरी, तिकडे राहणारे आपले लोक आनंदाने लिहितील.

आणि हो, येताना हॅचच्या लाल तिखटाचं एक पाकीट आणलं, परवा त्यात तांबडा रस्सा केला. रंग एकदम बेडगीसारखा आला पण झणका नाही. शेवटी घरची कांदा-लसूण चटणी दोन चमचे घातली तेव्हा कुठे नाकातून पाणी आलं.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर