विकच्या चर्चमध्ये बॅटरी धरणाऱ्या आजोबांना

आजोबा, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही आणि माझं फ्रेंच 'बाँजूर'पुढे सरकत नाही. तरी आभार मराठीतच मानते. त्या दुपारी बोलायचं राहिलेलं सगळं याच भाषेत साचलंय.

मी फ्रान्सला आले होते लेखिका जॉर्ज सांदचं नोआं गावातलं घर पाहायला. ते पाहून झालं, जवळच्या ला शात्र गावाची बस चुकली, आणि रस्त्याकडेला बसले होते. तुम्ही गाडी थांबवून म्हणालात, "विक? फ्रेस्क?" फ्रेस्क म्हणजे भित्तिचित्रं. नोआं आणि विक ही गावं मिळून एकच कम्यून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखं, वस्ती जेमतेम पाचशेच्या आसपास. मिनिटांतच पोचलो. बाहेरून तुमचं साँ मार्तँ, म्हणजे संत मार्तँचं चर्च, इतकं साधं, की खरं सांगते, मनात आलं, एवढ्यासाठी गाडी वळवली?

आत अंधार. तुम्ही खिशातून बॅटरी काढली आणि बाराव्या शतकातल्या भिंती बोलायला लागल्या. गेरूसारखा लाल, पिवळा, मोठाले डोळे, शेवटचं भोजन, यहूदाचं चुंबन. पण तुमचा जीव होता तो संत मार्तँच्या देहाच्या चोरीत! ३९७ साली कांद गावी संत वारले आणि पोआत्ये व तूर या दोन शहरांचे लोक देहावरून भांडत बसले. तुम्ही मान कलती करून घोरून दाखवलंत: हे पोआत्येवाले. मग तूरवाले होऊन अंगातला कोट काढून हवेतल्या खिडकीतून बाहेर ढकललात, खाली धरायला मी! त्यानंतर वल्ही. नदीतून थेट तूर. इतकं हसू चर्चमध्ये चालतं का, कोण जाणे.

शेवटी बोटानं हातावर १८४९ लिहून नखानं चुना खरवडल्याचा अभिनय केलात. इथल्या पेरिगो नावाच्या पाद्र्यांना चुन्याखाली ही चित्रं सापडली. सांदबाईंनी स्मारकांचे निरीक्षक मेरिमे यांच्या कानावर घातलं, आणि १८५० मध्ये चर्चला सरकारी संरक्षण मिळालं. सकाळभर मी बाईंच्या घरात त्यांना शोधत होते. भेटल्या त्या इथे, तुमच्या बॅटरीच्या उजेडात.

पुढच्या बसला तुम्हीच सोडलंत. भाडं तर सोडाच, साधी कॉफीही घेऊ दिली नाहीत.

आणि हो, संतांचा देह झेलताना माझ्या हातून कोट फरशीवर पडला होता. पाठीवर धूळ तशीच राहिली. 'झटका' याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात, ते तेव्हा सुचलंच नाही.

तुमची,
बस चुकलेली पाहुणी