गरज संपली म्हणून पंख गळत नाहीत

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला बेटांवरच्या प्राण्यांविषयीचा लेख आवडला. एका वाक्यापाशी मात्र अडखळले. ‘उडण्याची गरज न उरल्याने या पक्ष्यांनी हळूहळू पंखांचा त्याग केला.’ त्याग करायला ते काय संन्यास घेऊन बेटावर गेले होते? मी जीवशास्त्र शिकवत असे आणि सुरुवातीची काही वर्षं वर्गात हेच सांगत होते, म्हणून ही चूक चटकन ओळखू येते.

गरजेपोटी अवयव वाढत नाहीत की झडत नाहीत. खरं काय होतं ते पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने पाहिलं. प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटावर १९७३ पासून ते फिंच पक्षी पकडून त्यांच्या चोची मोजत होते, पायांत कडी घालून सोडत होते. १९७७ साली पावसाने दडी मारली. मऊ, बारीक बिया पक्ष्यांनी बघता बघता फस्त केल्या. उरली ती गोखरूच्या जातीची टणक, काटेरी फळं. ती फोडायला चोच जाड हवी. किती जाड? वाचणाऱ्या आणि मरणाऱ्यांच्या चोचींत सरासरी फरक होता जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा! मध्यम आकाराच्या फिंचपैकी शंभरातले पंधराएक तगले, त्यांत जाड चोचीचे जास्त, आणि त्यांची पिल्लंही जाड चोचीची निघाली. कोणाचीही चोच गरज पडली म्हणून वाढली नव्हती. पुढे १९८३ मध्ये एल निनोमुळे धो धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ आला आणि नंतरच्या एक-दोन वर्षांत बारीक चोचीवाल्यांची सरशी झाली.

पंखांचंही तेच. उडण्याचे स्नायू पोसणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं. जिथे शिकारी आहेत तिथे तो खर्च टाळणारा पक्षी खाल्ला जातो. शिकारी नसलेल्या बेटावर दुबळ्या पंखांचं पिल्लूही जगतं आणि वाचलेली शक्ती त्याच्या वाढीला, पुढे विणीला लागते. हा योगायोग वाटत असेल तर हिंदी महासागरातल्या अल्डाब्रा बेटाकडे बघा. मादागास्करकडून उडत आलेला, पाणकोंबडीच्या कुळातला रेल पक्षी तिथे उडणं विसरला. सुमारे १,३६,००० वर्षांपूर्वी समुद्र चढला, बेट बुडालं, त्याबरोबर तेही गेले. पाणी ओसरल्यावर तोच रेल पुन्हा उडत आला आणि पुन्हा त्याच्या वंशजांचे पंख दुबळे झाले. ते आजही तिथे चालताना दिसतात.

जाता जाता, डोडोच्या चित्राखाली ‘मंदबुद्धी’ लिहिलंय. हा कबुतराचा भाऊबंद. त्याच्या कवटीच्या स्कॅनवरून मेंदू शरीराच्या मानाने लहान नव्हता असंच दिसतं. मॉरिशसवर वटवाघळं सोडता जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नव्हता, मग त्याने भ्यायचं कोणाला? १५९८ मध्ये डच उतरले, मागोमाग डुकरं, माकडं, उंदीर आले. घरटी जमिनीवर, त्यामुळे अंडी आयती मिळाली. शंभरेक वर्षांत डोडो संपला.

दोन्ही ठिकाणची दुरुस्ती छापावी ही विनंती. मुलं पुरवणीतली वाक्यं परीक्षेत जशीच्या तशी उतरवतात आणि मार्क मात्र त्यांचे कापावे लागतात.

– एक निवृत्त शिक्षिका