बर्फाआधी व्हिसा बघा

संपादक महोदय,

परदेशी स्की-सहल कंपनीत वर्षभराची प्लेसमेंट (शिकत असताना कंपनीत प्रत्यक्ष काम) म्हटले की नाशिकच्या पर्यटन शाखेतील मुलांना आल्प्स दिसू लागतो. ब्रिटनमध्ये मात्र हे काम बऱ्याचदा कंपनीच्या कार्यालयात बसून करायचे असते: शॅलेचे (डोंगरातल्या लाकडी सुट्टी-घरांचे) दर भरणे, विमानांच्या वेळेनुसार बसच्या याद्या लावणे. खरी कसोटी शनिवारी. जुने पाहुणे जाऊन नवे येतात ते बहुतेक त्याच दिवशी. एक विमान लांबले की इतर विमानांतून उतरलेल्या प्रवाशांसह अख्खी बस खोळंबते. त्यात आल्प्ससह फ्रान्सच्या अनेक डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च हिवाळी टायर किंवा चाकांना बांधायच्या साखळ्या सक्तीच्या. भाड्याच्या गाडीत त्या आहेत का, हे आधीच विचारलेले बरे.

फसगत होते ती व्हिसात. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ प्लेसमेंट चालते, पण ती अभ्यासक्रमाचा मूल्यमापन होणारा भाग असेल तरच. म्हणून प्रवेश घेतानाच प्लेसमेंट वर्ष असलेली पदवी निवडावी. शिवाय या व्हिसावर फ्रान्समध्ये काम करता येत नाही. ‘रिसॉर्टवर पाठवतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडे तिथला स्वतंत्र कामाचा परवाना लेखी मागा. बहुतेकांची बोलती तिथेच बंद होते. बर्फच हवा तर गुलमर्ग आहे, पण तिथला स्कीचा हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च. जूनपासूनचे सहामाही प्रशिक्षण तिथे स्कीसाठी कुचकामी.

– पर्यटन अभ्यासक्रमाचे मार्गदर्शक, कॉलेज रोड, नाशिक