आधी साधी तपासणी तरी द्या

कर्करोग रक्तातून लवकर ओळखण्यासाठी नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, वापरून पाहताहेत. ते रक्तद्रवात (रक्ताच्या पातळ भागात) मिसळले की लगेच त्यांच्यावर प्रथिनांचं कवच चढतं. रक्तद्रवातली निम्म्याहून जास्त प्रथिनं म्हणजे एकटं अल्ब्युमिन. त्या गर्दीत हरवणारी, कर्करोगाची चाहूल देणारी प्रथिनं या कवचात सापडतात. मँचेस्टर विद्यापीठात यावर काम झालं आहे. छानच! पण रक्तातलं सीए-१२५ हे प्रथिन आठवा. अंडाशयाच्या कर्करोगाची ही खूण मासिक पाळीतही वाढते आणि धडधाकट बाईची झोप उडते.

याउलट मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दहावी शिकलेल्या प्रशिक्षित महिलांकडून, व्हिनेगरमधल्याच आम्लाचा बोळा लावून गर्भाशयमुख तपासलं. त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हा बोळा आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रोज कधी मिळणार?

– एक वाचक, सातारा