संवाद बैठक : येण्यापूर्वी वाचावे

सर्व सदस्यांना कळवण्यात येते की पुढील बैठक ‘बहुधर्मी समाजातील ख्रिस्ती धर्माची वाढ’ या विषयावर आहे.

आकडे आणणाऱ्यांनी वाढ जन्मांमुळे, स्थलांतरामुळे की धर्मांतरामुळे, हे वेगळे काढून आणावे. जनगणनेत माणूस सांगेल तो धर्म लिहिला जातो. चर्चच्या वहीत बाप्तिस्मे (ख्रिस्ती होण्याचे विधी) असतात, आणि एक चर्च सोडून दुसऱ्यात गेलेल्याचे नाव कधी कधी दोन्हीकडे राहते. चर्चच्या आकड्यातून जनगणनेचा आकडा वजा करून ‘छुपे ख्रिस्ती’ (जनगणनेत वेगळा धर्म सांगणारे) मोजू नयेत. निम्मे वाद इथेच पेटतात.

जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स या तीन ख्रिस्ती संस्थांचे धर्मप्रचार कसा करावा याबद्दलचे २०११ चे संयुक्त निवेदन वाचून यावे. त्यात आमिष दाखवणे, गरिबीचा फायदा घेणे नाकारले आहे. धर्म बदलण्यापूर्वी विचाराला पुरेसा वेळ हवा, असेही म्हटले आहे. साक्ष देण्याचे, म्हणजे आपली श्रद्धा इतरांना सांगण्याचे, कर्तव्य मात्र सोडलेले नाही. यातले एकच टोक धरले की चर्चा भरकटते.

गट आठ-दहा जणांचे. ज्याने त्याने स्वतःच्या श्रद्धेबद्दलच बोलावे. धर्म बदललेल्या सदस्याला कारण विचारू नये. त्याने आपणहून सांगितले तर ते बाहेर नेऊ नये. सामूहिक प्रार्थना नाही, दोन मिनिटे मौन. फोटो काढू नयेत.